बिराजदार मॅडमना न दिसलेलं

बिराजदार मॅडम सोलापूरहून एसटीनं यायच्या. आठवड्यातले तीन दिवस. धाराशिवच्या स्टँडवर उतरायचं आणि रिक्षावाल्यांना हातानंच नको म्हणत चालत आमचं तपासणी सेंटर गाठायचं. साडीखाली पांढरे बूट, खांद्याला तपकिरी पर्स, पर्समध्ये डबा, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. आल्या आल्या अंगात स्वेटर चढवायच्या, कारण मशीनच्या खोलीतला एसी बंद करता येत नसे. मग हात धुवायच्या आणि मला विचारायच्या, "ज्योती, मागची कोण राहिली?"

मागची कुणी राहिलेली नसायची. सगळ्यांचे रिपोर्ट त्यांनीच सही करून दिलेले असायचे. तरी प्रत्येक वेळी हाच प्रश्न.

डॉक्टर महानंदा बिराजदार फक्त स्तनांच्या तपासणीच्या डॉक्टर होत्या. मॅमोग्राफीचे फोटो वाचायचे, सोनोग्राफी करायची, संशय वाटला तर सुईनं तुकडा काढून तपासणीला पाठवायचा, आणि काय निघालं ते बाईला समोर बसवून सांगायचं. मुंबईत मोठ्या दवाखान्यात बरीच वर्षं हेच काम करून त्या सोलापूरला परतल्या होत्या. आमच्या गावात अशा डॉक्टर पहिल्यांदाच येत होत्या. सुरुवातीला लोक विचारायचे, "येवढंच बघतेत का? बाकीचं काय येत न्हाय व्हय?" मॅडमच्या कानावर ते गेलं तेव्हा त्या म्हणाल्या, "येवढंच नीट आलं तरी लई झालं की."

मी त्यांच्या हाताखाली टेक्निशियन होते. बाईला मशीनपुढं उभं करून फोटो काढायचं काम माझं. एका बाईचे चार फोटो. प्रत्येक बाजूचा एक वरून, एक तिरका. मी लातूरहून डिप्लोमा करून आले होते, मला वाटायचं मला सगळं येतं. पहिल्याच दिवशी मॅडमनी मला मशीनपुढं उभं केलं आणि स्वतः स्तन दाबायची पट्टी खाली आणली. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी पट्टी सोडली, माझ्या खांद्यावर टॉवेल टाकला आणि म्हणाल्या, "किती दुखतं ते कळलं ना? तरी दाबावंच लागतं. आणि अगदी मागचा भाग, बरगडीला लागून असतो तो, ओढून पुढं आणावा लागतो. बाया लाजतात, आखडतात, त्यांना घाई असते. पण फोटोत आलंच न्हाई तर मला दिसणार कुठनं?"

फोटो वाचताना त्या खोलीतले दिवे मालवायच्या. खुर्ची पडद्याच्या इतकी जवळ ओढायच्या की मला त्यांच्या पाठीशिवाय काही दिसत नसे. मग फोटोचे मनातल्या मनात पट्टे पाडून वरून खाली एकेक पट्टा बघायच्या, आणि ओठांत पुटपुटायच्या, "ओंदु, एरडु, मूरु, नाक्कु." त्यांचं माहेर उमरग्याच्या पलीकडं, कर्नाटकाच्या हद्दीला लागून. मराठी छान बोलायच्या, पण मोजणी कानडीतच. एक, दोन, तीन, चार. चौथ्यानंतर परत पहिल्यावर. त्या पुटपुटण्याची मला इतकी सवय झाली की मध्येच थांबलं की माझ्या हातातलं काम थांबायचं.

सकाळी वाचलेले सगळे फोटो त्या निघण्याआधी पुन्हा बघायच्या. मी एकदा विचारलं, "मॅडम, सकाळी बघितलेत की सगळे." त्या म्हणाल्या, "सकाळची मी ताजी असते, धीट असते. संध्याकाळची मी भित्री. दोघींचं जुळलं तर सही करायची."

एकदा त्या पाचच्या गाडीनं निघाल्या आणि दिवेलागणीला परत दारात उभ्या. तुळजापूरला उतरून उलट्या गाडीनं आल्या होत्या. दुपारच्या एका बाईच्या फोटोत उजव्या बाजूला काही होतं की नव्हतं, असं त्यांना बसमध्ये वाटायला लागलं होतं. मी फोटो उघडून दिला. दहा मिनिटं मोजणी चालली. मग त्यांनी चष्मा काढून डोळे चोळले.

"न्हाई. काय न्हाई. चल, मला स्टँडवर सोड."

मी स्कूटीवरून सोडलं. सोलापूरची बस लागली. चढताना म्हणाल्या, "हसत असशील मला."

मी हसत नव्हते. पण आमच्या सेंटरचे मालक, तेही डॉक्टरच, ते हसायचे. मॅडम बायांना फार वेळा परत बोलावतात, फार वेळा सुई सुचवतात, गिऱ्हाईक घाबरून दुसरीकडं जातं, असं त्यांचं म्हणणं. ते अगदीच चूक होतं असंही नाही. सखूबाईंच्या बाबतीत काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलं.

सखूबाई भूमजवळच्या एका खेड्यातल्या. गाठ हाताला लागली म्हणून आल्या होत्या. मॅडमनी सोनोग्राफी केली आणि सुई घ्यावी लागेल म्हणाल्या. सखूबाई म्हणाल्या, "घरी इचारून येते." आणि गेल्या त्या गेल्या. मोबाइल लागेना. मॅडम पंधरा दिवस आल्या की विचारत राहिल्या, "त्या सखूबाई?" शेवटी म्हणाल्या, "भूमच्या बाजाराला भाजी घेऊन बसते म्हणाली होती ना? चल."

बाजाराच्या दिवशी आम्ही दोघी भूमला गेलो. सखूबाई मेथीच्या जुड्या मांडून बसल्या होत्या. मॅडमना बघून त्यांनी पदर तोंडाला लावला. चारचौघांत मॅडम आजाराचं काही बोलल्या नाहीत. खाली बसल्या, चार जुड्या घेतल्या, आणि हळूच म्हणाल्या, "किती राहिल्या?"

"वीस असतील."

"खपल्या की माझ्याबरोबर चला. संध्याकाळी परत आणून सोडते."

"घरी सांगितलं न्हाय म्या."

"मग मेथीला धाराशिवला गेले होते म्हणून सांगा."

सखूबाईंना हसू आलं आणि त्या आल्या. सुई झाली. आठ दिवसांनी रिपोर्ट आला, साधी गाठ, काढायचीही गरज नाही. मला वाटलं आता सखूबाई पाया पडतील. त्यांनी कागद घडी करून कमरेला खोचला आणि म्हणाल्या, "मंजी उगंच भ्या घातलं व्हय मला? म्हैनाभर झोप न्हाय डोळ्याला." आणि निघून गेल्या. मॅडम त्यांच्या पाठमोऱ्या आकृतीकडं बघत म्हणाल्या, "असं उगंच भ्या घातल्याचं निघालं तर बरं असतं गं." त्यांचा चेहरा मात्र पडला होता.

इतकी काळजी करणारी बाई. म्हणून वनिताताईंचं जे झालं ते आम्हाला दोघींनाही अजून पचलेलं नाही.

वनिताताई परंड्याच्या. एसटीत कंडक्टर. आम्ही भूमला तपासणीचं शिबिर घेतलं होतं, मशीन बसवलेली गाडी स्टँडजवळ उभी केली होती. दुपारी रांग लागलेली असताना त्या खाकी गणवेशात, कमरेला बॅग तशीच, गाडीत चढल्या. त्यांची बस वीस मिनिटं थांबणार होती.

"ताई, आधी माझं करा. गाडी सुटंल माझी. पुन्यांदा येणं काय व्हायचं न्हाय."

रांगेतल्या बायांनी वाट दिली. मी चार फोटो काढले. डाव्या बाजूचा तिरका फोटो पडद्यावर आला तेव्हा मला दिसलं की मागची कड नीट आलेली नाही, बोटभर कापली गेलीय. परत काढायला हवा होता. तेवढ्यात बाहेर ड्रायव्हरनं हॉर्न दिला. वनिताताई बटणं लावायला लागल्या होत्या. मी म्हटलं, चालंल.

मॅडमनी ते फोटो त्याच संध्याकाळी वाचले. लिहिलं, दोष आढळला नाही, एक वर्षानं परत.

वर्ष उलटून वर दोन महिने झाल्यावर वनिताताई सेंटरला आल्या. तिकिटाची बॅग डाव्या बाजूला घासते तिथं काहीतरी टोचतं, म्हणाल्या. या वेळी मी सावकाश फोटो काढले. पडद्यावर ते दिसायला डॉक्टर असायची गरज नव्हती. मागं, बरगडीजवळ, पांढरा ठिपका आणि त्याच्याभोवती काटे.

"भूमचा फोटो लाव," मॅडम म्हणाल्या.

मी लावला. दोन्ही शेजारीशेजारी. मॅडमनी दिवे मालवले, मोजायला लागल्या. "ओंदु, एरडु, मूरु..." आणि थांबल्या. मलाही दिसत होतं. जुन्या फोटोत, कड जिथं कापली गेली होती तिथंच, तीन बारीक रेघा एका जागेकडं ओढल्यासारख्या. कापडाला सुरकुती पडावी तशा. निम्म्या फोटोत होत्या, निम्म्या बाहेर.

मॅडमनी उठून दिवे लावले. मग मॅडम म्हणाल्या, "बोलव त्यांना."

मी म्हटलं, "मॅडम, आधी सुई तर होऊ द्या."

"बोलव."

वनिताताई येऊन खुर्चीवर बसल्या. मॅडमनी पडदा त्यांच्याकडं वळवला. आधी आजचं सांगितलं. हे चांगलं दिसत नाही, सुई घ्यावी लागेल, बहुतेक कॅन्सर निघेल, पण लहान आहे, उपचार आहेत. वनिताताई ऐकत होत्या. मग मॅडमनी दुसऱ्या फोटोवर पेनाचं टोक ठेवलं.

"हा भूमचा. ह्या रेघा तेव्हाही होत्या. मी दोष नाही म्हणून लिहिलं. ते चुकलं माझं."

वनिताताईंनी फोटोकडं बघितलं, मग मॅडमकडं.

"मग तवा तुमी काय बघत व्हता?"

"हेच बघत होते. दिसलं नाही."

"चौदा म्हैने."

"हो."

"म्या तुमच्या कागदावर निवांत हुते चौदा म्हैने. दुखायचं तरी म्हनायचे, मॅडमनी बघितलंय."

मॅडमनी पेन खाली ठेवलं. मी दाराशी उभी होते आणि भूमचा तो हॉर्न मला परत ऐकू येत होता.

"आता सांगताय ते तरी बराबर हाय का?" वनिताताईंनी विचारलं.

"म्हणूनच सुई. तुकडा तपासल्यावर माझ्या डोळ्यांवर विसंबायचं कारण नाही. माझ्याकडून नको असेल तर सोलापूरला चांगल्या डॉक्टर आहेत, मी आत्ता फोन करते."

वनिताताई उठून गेल्या. मॅडमनी सोलापूरला फोन करून वेळ घेतली, चिठ्ठी लिहिली, माझ्याबरोबर बाहेर पाठवली. वनिताताईंनी चिठ्ठी बॅगेत टाकली, माझ्याकडं बघितलंही नाही.

दुपारी मालकांनी मॅडमना केबिनमध्ये बोलावलं. दार उघडंच होतं.

"मॅडम, कोण विचारायला आलं होतं? तिला कसं कळणार होतं? उद्या नवरा वकील घेऊन आला तर?"

"येऊ दे की."

"अहो, तुमचं नाव जाईल, माझं सेंटर जाईल. असे फोटो कुणालाही हुकतात."

"हुकतात. पण हुकल्यावर सांगायचं असतं," मॅडम म्हणाल्या. त्यांनी तिथंच जुन्या रिपोर्टला पुरवणी लिहिली, काय दिसायला हवं होतं आणि काय लिहिलं गेलं ते, आणि सही केली.

मालकांनी मग मला गाठलं. तो जुना फोटो कॉम्प्युटरवर ठेवायची काही गरज आहे का, असं विचारलं. मी म्हटलं, बघते. नोकरी जाईल ही भीती होतीच, पण त्याहून मोठी भीती वेगळी होती. त्या फोटोची कापलेली कड कुणीतरी बघेल ही. खरं सांगायचं तर, क्षणभर मला वाटलं, पुसून टाकावा.

मी पुसला नाही. मॅडमच्या खोलीत गेले. त्या डबा उघडून बसल्या होत्या, भाकरी तशीच.

"मॅडम, तो फोटो मी नीट काढला नव्हता. मला कळलं होतं. बस सुटत होती त्यांची."

त्यांनी मान वर केली. मला वाटलं आता बोलतील, ओरडतील. त्या म्हणाल्या, "माहिती आहे. कड कापलीय. मला त्याच दिवशी दिसलं होतं."

"मग?"

"मग परत काढायला सांगायचं मी. नाही सांगितलं. चाळीस फोटो वाचायचे होते, म्हटलं, चालंल." माझाच शब्द. "तू चुकलीस ते तू बघून घे तुझ्यापाशी. कागदावर सही माझी आहे."

मला रडू आलं. त्यांनी समजूत काढली नाही. भाकरीचा तुकडा मोडून माझ्या हातात दिला आणि स्वतः खायला लागल्या.

चार दिवसांनी वनिताताई परत आल्या. सोलापूरची चिठ्ठी टेबलावर ठेवली.

"तिथं न्हाय गेले. नव्या माणसाला पयल्यापास्नं सांगत कोण बसल? तुमाला तर समदं ठावं हाय. तुमीच घ्या सुई."

मॅडमनी सुई घेतली. सोनोग्राफीच्या पडद्यावर बघत सुईचं टोक गाठीत नेताना त्यांचा हात दगडासारखा स्थिर होता. ते झाल्यावर बेसिनशी जाऊन हात धुताना मात्र नळ त्यांना बंद करता येईना. मी जाऊन केला.

कॅन्सरच निघाला. सोलापूरला ऑपरेशन झालं, डावी बाजू काढावी लागली. केमोत केस गेले. वनिताताईंचे यजमान एकदा सेंटरला आले, मालकांच्या केबिनमध्ये तासभर बसले. आम्हाला वाटलं आता कोर्ट. पण तक्रार झाली नाही. का झाली नाही ते वनिताताईंनी कधी सांगितलं नाही. माफ केलं असंही त्या म्हणाल्या नाहीत. दहा महिन्यांनी कामावर रुजू झाल्या, आणि तेव्हापासून दर वर्षी तपासणीला येऊ लागल्या. मॅडमना नमस्कार करायच्या नाहीत. खुर्चीवर बसायच्या आणि एवढंच म्हणायच्या, "नीट बघा."

"बघते," मॅडम म्हणायच्या.

त्या दिवशी मॅडम इतर कुणाचं काही करायच्या नाहीत. तो एक फोटो बघायच्या, उठून व्हरांड्यात फेऱ्या मारायच्या, परत येऊन बघायच्या. वनिताताई बाहेर बाकावर ताठ बसलेल्या असायच्या. दोघींमध्ये एक दार, आणि दाराच्या दोन्ही बाजूंना सारखीच भीती. मी आतबाहेर करत राहायचे.

त्यानंतर मॅडमनी बायांना परत बोलावणं आणखी वाढवलं. मालकांनी तीन दिवसांचे दोन केले, दोनाचा एक. एक दिवस मॅडमनी स्वेटर घडी घालून पर्समध्ये टाकला आणि म्हणाल्या, "ज्योती, सोलापूरला मला शिकवायला बोलावलंय. जाते." निरोप समारंभ वगैरे झाला नाही. वनिताताईंनी आपली फाइल मागून नेली. आता त्या तपासणीला सोलापूरला जातात, मॅडमकडंच.

मागच्या वर्षी टेक्निशियन लोकांच्या एका कार्यशाळेसाठी मी सोलापूरला गेले होते. दुपारच्या सुट्टीत कळलं की शेजारच्या हॉलमध्ये बिराजदार मॅडमचा वर्ग चालू आहे. भेटावं म्हणून गेले आणि दारातच थांबले. आत अंधार होता. पंचवीसेक तरुण डॉक्टर, आणि समोर पडद्यावर भूमचा फोटो. नाव झाकलेलं होतं. वनिताताईंनीच परवानगी दिली होती, असं मला मागाहून कळलं. त्या म्हणाल्या होत्या, दाखवा, पण शोधल्याबिगर कुणाला उठू देऊ नका.

मॅडम बाजूला उभ्या होत्या. केस पार पांढरे झालेले. "शोधा," त्या म्हणाल्या.

पाच मिनिटं गेली. कुणी वर बोट दाखवलं, कुणी खाली. मॅडम नुसत्या मान हलवत होत्या. मग मागच्या रांगेतून एक मुलगी उठली.

"मॅडम, हा फोटोच पुरता नाही. मागची कड कापलीय. हा परत काढायला हवा होता."

मी दाराची चौकट धरली. मॅडमची नजर त्या मुलीकडं जाता जाता माझ्यावरून गेली. त्यांनी मला ओळखलं, याबद्दल मला शंका नाही. पण नजर थांबली नाही.

"बरोबर. कुणी सांगायला हवं होतं?"

मुलगी गोंधळली. "जे वाचत होते त्यांनी."

"मी वाचत होते," मॅडम म्हणाल्या.

मॅडमनी दुसरा फोटो लावला. "हीच बाई, या महिन्यातला फोटो. उरलेली बाजू. मी वाचलाय, आणखी दोघांनी वाचलाय, आमचं मत मी सांगणार नाही. तुम्ही सांगा, हिला घरी पाठवायचं का?"

पंचवीस डोकी पडद्याकडं झुकली. मॅडमनी एक खुर्ची ओढली, पर्स मांडीवर घेतली, आणि वनिताताई बाकावर बसायच्या तशा ताठ बसून त्या उत्तराची वाट बघू लागल्या.